वाटीभर साबण

आमच्या सासऱ्यांना स्वच्छतेचं भारी वेड. त्या दिवशी त्या वेडानं माझा घात केला.

आमचं बायोडिझेल घेणाऱ्या बसडेपोचे इंजिनियर यंत्राची परीक्षा घ्यायला घड्याळ लावून समोर बसले होते. माझ्या यंत्रानं तासभर न थांबता तळणीच्या जुन्या तेलाचं बायोडिझेल काढलं तर ठीक, नाहीतर पुन्हा जुन्या पद्धतीनं मोठ्या ड्रममध्ये ढवळणं. त्याच ड्रममधल्या मिथेनॉलनं, म्हणजे तेलात मिसळायच्या ज्वालाग्राही अल्कोहोलनं, गेल्या वर्षी पेट घेतला. त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही. नणंदेला कळेपर्यंत तिचा हात कोपरापर्यंत भाजला होता. म्हणून तर मी हे हातभर यंत्र केलं. आत सुईसारख्या बारीक नळ्या, त्यांतून तेल आणि कॉस्टिक सोडा घातलेलं मिथेनॉल एकत्र धावतात. ड्रममध्ये ज्याला कित्येक तास लागतात, ते इथे चार मिनिटांत होतं.

चाळीस मिनिटं झकास गेली. दुसरा कॅन जोडला आणि दाबाचा काटा वर सरकायला लागला. थांबवलं तर नापास, नाही थांबवलं तर नळी फुटून मिथेनॉल बाहेर. इंजिनियर म्हणाले, थोडं रेटा, वीसच मिनिटं राहिलीत. बसल्या जागेवरून सांगायला यांचं काय जातं! तरी माझा हात बंद करायच्या बटणाकडे जाईना. तेवढ्यात खांद्यावरून नणंदेचा भाजलेला हात आला आणि तिनं पंप बंद केला. वर्षभरात ती या खोलीत पहिल्यांदाच आली होती.

नळी उघडली तर आत साबण. म्हणजे तेलात पाणी; पाणी शिरलं की कॉस्टिकमुळे तेलाचा साबण होतो आणि नळ्या तुंबतात. अहो, पण तेल मी स्वतः तापवून कोरडं केलं होतं! सासरे दारात चोरासारखे उभे. पाहुणे येणार म्हणून त्यांनी सकाळी कॅन धुऊन ठेवला होता आणि मी घाईत तसाच ओला भरला. मी त्यांना नको नको ते बोलले.

इंजिनियरनी नापासचा शेरा लिहायला पेन काढलं. नणंदेनं साबण वाटीत काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"साहेब, यात एका वेळी एवढंच मावतं. बिघडलं तर एवढंच बिघडतं." मग तिनं बाही वर केली. "ड्रम बिघडला तेव्हा हे झालं."

त्यांनी वाटी पाहिली, तो हात पाहिला. मग पेन खिशात ठेवलं, घड्याळ शून्यावर आणलं आणि म्हणाले, नळ्या साफ करा, मी बसतो.

सासरे अजून दारातच होते. माझी मलाच लाज वाटली. मी कॅन त्यांच्या हातात दिला.

"तुम्हीच पुसा, बाबा," मी म्हटलं. "पण कोरड्या फडक्यानं."