पाच वर्षांची अट

राष्ट्रीय गणित संशोधन संस्था दिल्लीत हवी, हे खूळ हेमलता चांदोरकरांनी डोक्यात घेतलं तेव्हा त्या विद्यापीठात शिकवत होत्या आणि सवडीनं स्वतःचं गणित करत होत्या. पुढं सवड संपली. मंत्रालयात खेटे घालण्यात वर्षं गेली. प्रत्येक साहेबाची शंका एकच: प्रयोगशाळा नको, यंत्रं नकोत, मग संस्थेत ठेवणार काय?

"फळा, खडू आणि माणसं," बाई सांगत.

शेवटी पानिपतच्या रस्त्याला जागा मिळाली. "मराठी माणसाला दुसरी दिशा सापडली नाही?" भावानं चिडवलं.

बाईंना धास्ती होती ती वशिल्याच्या तट्टांची. दिल्लीत नव्या इमारतीचा रंग वाळायच्या आत कुणाचा तरी जावई तिथं खुर्ची टाकून बसतो. म्हणून नियमावलीत त्यांनी हट्टानं एक अट घातली. गेल्या पाच वर्षांत ज्याचं नवं संशोधन छापून आलंय, त्यालाच संस्थेत जागा. अपवाद नाही.

उद्घाटनाच्या आधी कुलसचिव गुणवंत घरी आला. चहा झाला, थंडीवर बोलून झालं, तरी गडी मुद्द्यावर येईना.

"ताई, खोल्यांचं वाटप झालं," शेवटी तो म्हणाला. "तुमचं नाव अटीत बसत नाही. शेवटचा पेपर फार जुना आहे."

बाईंनी सगळ्या दिल्लीचे जावई मोजले होते. स्वतःला मोजायचं राहून गेलं होतं.

"पण करू ना अपवाद. बिल्कुल कुणी बोलणार नाही. मंत्रालयातले सचिवसाहेब तर स्वतः म्हणाले, मॅडमसाठी अट सैल करा."

"त्यांचा जावई काय करतो रे?"

गुणवंतनं कप खाली ठेवला. "गणितच शिकवतो."

"मग राहू दे."

तो गेला आणि बाईंना रडू आलं. कडुनिंबाकडे खिडकी असलेली कोपऱ्यातली खोली त्यांनी नकाशा कागदावर होता तेव्हापासून आपली धरली होती. इतकी वर्षं लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या आणि पंगतीत आपलंच पान नाही.

पहिल्या व्याख्यानाला त्या मागच्या रांगेत बसल्या. विषय एकेकाळचा त्यांचाच. बोलत होती चंद्रप्रभा, तिशीतली, कोपऱ्यातली खोली मिळालेली. थोड्याच वेळात बाईंना काही कळेनासं झालं. मंत्रालयाची भाषा त्यांना आता जास्त येत होती. उठून जावं, असंही वाटलं.

त्यांनी हात वर केला. दुसरी पायरी समजली नाही, पुन्हा सांगाल का, असं विचारलं. पुढचे काहीजण मागं वळून बघू लागले. चंद्रप्रभा त्यांना ओळखत नव्हती. तिनं फळा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं.

बाईंनी पर्समधून पेन काढलं. वही आणली नव्हती. उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका होती, मंत्र्यांच्या नावांनी भरलेली. ती त्यांनी उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर पहिली ओळ उतरवून घेतली.