तीन गाठींची दोरी

"हसू नका ताई, नुसतं समोर बघा," दुकानदार म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

दोन्ही बाजूंच्या स्टँडवरच्या लाइटच्या पांढऱ्या छत्र्या एकदम उजळल्या आणि विझल्या. मी उंच स्टुलावर बसले होते. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होते.

"सावली न्हाई," ते म्हणाले.

"सावली येणारच नाही, काका. आता हे बघा." त्यानं काचेच्या कपाटातून एक फ्लॅशगन काढली, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवली आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी माझ्या कानामागे भिंतीवर काळी सावली उमटून गेली असणार, कारण अण्णांच्या कपाळाला आठी पडली.

"गन अशी डोक्यावर ठिवून मारत्यात व्हय? बाजूनं धरून मारा की."

"बाजूनं धरायला माणूस लागतो ना काका. हे लाइट स्टँडवर उभे राहतात. ना रजा, ना रुसवा." तो हसला. अण्णाही थोडेसे हसले, दुकानात आलेल्या माणसानं हसावं तितकं.

१९९७चा जानेवारी होता. आईला जाऊन चार महिने झाले होते. अण्णांची जुनी गन दिवाळीतच बंद पडली होती, म्हणून आम्ही औरंगाबादला आलो होतो. दोन्हींतलं एकच घेता येणार होतं.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, बद्रीनाथरावांचा, फोटो स्टुडिओ कुंभार पिंपळगावात होता. एसटी स्टँडच्या अलीकडे, पिठाच्या गिरणीला लागून. पण त्यांचं खरं काम स्टुडिओत कधीच नव्हतं. लूनावर पुढे अण्णा, मागे मांडीवर पिशवी घेतलेली आई, असे ते दोघं आसपासच्या गावांत फिरत. स्टुडिओपर्यंत येऊ न शकणाऱ्यांचे ते फोटो काढत. म्हाताऱ्या, बाळंतिणी, सोयरिकीसाठी फोटो हवा असलेल्या पण रस्त्यावरच्या दुकानात बसायला लाजणाऱ्या मुली. मुसलमान मोहल्ल्यात आई आधी आत जाई आणि तिनं हाक मारल्यावर अण्णा जात.

गन आई, कौसाबाई, धरायची. कॅमेऱ्यापासून लांब वायर आलेली असे. गनला आईनं एक सुती दोरी बांधली होती आणि तिला तीन गाठी मारल्या होत्या. गन चेहऱ्यापासून जितकी लांब, तितकं भिंग जास्त उघडावं लागतं. भिंगाच्या कडीवर आकडे असत, आकडा जितका लहान तितकं भिंग जास्त उघडं. पहिली गाठ म्हणजे सोळा, दुसरी म्हणजे अकरा, तिसरी म्हणजे आठ. डाव्या हातात गन उंच धरून, उजव्या हातातली गाठ ती समोरच्या बाईच्या हनुवटीला टेकवायची. दोरी ताणली गेली की म्हणायची, "दुसरी." अण्णा भिंगाची कडी अकरावर फिरवायचे. आई दोरी सोडायची आणि फोटो निघायचा. तिसरी गाठ अख्ख्या कुटुंबासाठी. तेव्हा टोक घरातलंच कुणी तरी धरायचं. आई चौथीपर्यंत शिकलेली होती. तिच्या दोरीवर काढलेला फोटो अण्णांनी कधी काळा किंवा पांढराफटक पडलेला पाहिला नाही. माझा बी.एड.च्या फॉर्मवरचा फोटोही असाच निघाला होता. गाठ टेकवताना ती म्हणाली होती, "दूध उतू चाल्लंय असं बघू नको. कामाला लागल्यावर बघशील तसं बघ."

दुकानात अण्णांनी ती नवी गन हातात घेतली. उलटीपालटी केली, तिचं डोकं वर-खाली फिरवून पाहिलं.

"गनच घ्यावं म्हन्तो," ते मला म्हणाले. "गावोगाव फिराया बरं पडतंय."

मी जालन्याला शाळेत शिकवत होते. पोटशुळाचा त्रास असलेले, अठ्ठावन्न वर्षांचे अण्णा लूनावरून एकटेच खडीच्या रस्त्यांवर हिंडताहेत, हे चित्र चार महिने माझ्या डोक्यात होतं. मी काळजीनंच बोलले. बोलले ते बरोबरही होतं.

"आणि धरायची कुणी, अण्णा?"

त्यांनी गन काचेवर ठेवली. तिची वायर नीट गुंडाळून तिच्याखाली सरकवली, जणू दुकान त्यांचंच होतं.

"मंग ह्या छत्र्याच बांधा," ते दुकानदाराला म्हणाले.

परतीच्या एसटीत एक खोका त्यांच्या मांडीवर आणि एक माझ्या. अंबडच्या पुढे ते एकदाच बोलले. "बराबर हाय तुझं. ह्याला धराया कुनी लागत न्हाई."

*

स्टुडिओतल्या पडद्यासमोर छत्र्या उभ्या राहिल्या. अण्णांनी फरशीवर खडूनं तीन खुणा केल्या, दोन स्टँडच्या आणि एक स्टुलाची. पुढे त्या तेलरंगानं पक्क्या केल्या. आता काही मोजायचं नव्हतं. भिंग कायम आठावर.

रविवारी सकाळी ते गिरणीवाल्याच्या फोनवरून मला फोन करत.

"कसं चाललंय?"

"लई साफ येतंय. केसानकेस दिसतो."

"गिऱ्हाईक?"

"येतंय. बाजाराच्या दिवशी येतंय."

बाकीचे दिवस ते काय करत होते, ते मी विचारलं नाही. गिरणीवाल्या रखमाजीकाकांनी एकदा फोन हातात आल्यावर सांगितलं, "बसून ऱ्हातेत, दुसरं काय. लाईन गेली की भायेर येऊन बसतेत, लाईन आली की आत जाऊन बसतेत. लूना इकली त्येंनी."

उन्हाळ्यात दिवसाचे सहा-सहा तास वीज नसे. फॉर्म भरायला आलेली पोरं थोडा वेळ थांबत आणि "लाईन आल्यावर येतो" म्हणून निघून जात. सेलवर चालणारी जुनी गन कधी विजेसाठी अडली नव्हती.

एका फोनवर ते म्हणाले, "एक खोट हाय बघ ह्या लाइटात. मान्सं डोळे मिटून घेऊन राह्यलेत. दहातले चार फोटो वाया जातेत."

"उजेड जास्त असेल."

"उजेड तेवढाच हाय. मी मोजला की. गनमधी असं कधी झालं न्हाई." मग म्हणाले, "दुकानदाराला पत्र लिहून इचारतो."

त्यांनी लिहिलं. दुकानदाराचं उत्तर आलं नाही.

*

१९९८च्या दिवाळीच्या सुट्टीत मी दोन दिवसांसाठी गेले होते. दुसऱ्या दिवशी चारच्या गाडीनं निघायचं होतं. सहामाहीचे पेपर तपासायचे राहिले होते. सकाळी पाशामियाँ नालबंद आले. बैलांना नाल ठोकायचं त्यांचं काम. खोलगट आवाजाचा, सावकाश बोलणारा माणूस.

"बद्रीभाऊ, घरी चला ना. अम्मीचा फोटो पाहिजे. ती चालू शकत न्हाई आता."

"घरी न्हाई येत मी. हे लाइट हलत न्हाईत."

"पयले तर येत होते."

"पयले दोघं व्हतो," अण्णा म्हणाले.

पाशामियाँनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ते म्हणाले, "ठीक है. लाता मैं." आणि तासाभरानं खरंच घेऊन आले. हातगाडीवर गादी, गादीवर लोडाला टेकवलेली त्यांची अम्मी, सरदारबी. हिरवी ओढणी, डोळ्यांत पहिल्यासारखाच धाक. नेमकी तेव्हाच लाईन गेली.

दीड तास ती गाडीवर लिंबाच्या सावलीत बसून होती. मी चहा केला. बशीतून फुंकत तिनं तो प्यायला.

"मास्तरीन हो गई ना तू? जालने में? अकेली रहती?"

"हो."

"और ये इधर अकेला." तिनं अण्णांकडे बघून मान हलवली. "दोनों के दो घर, दोनों में एकेक आदमी. चूल्हे भी दो. क्या हिसाब है तुम्हारा."

"शक्कर बराबर हाय ना अम्मा?" अण्णांनी विचारलं.

"चाय की बात नईं कर रई मैं."

लाईन आली. पाशामियाँनी तिला उचलून आत आणलं आणि पाठ असलेल्या खुर्चीवर बसवलं. छत्र्या तिच्या दोन्ही बाजूंना. अण्णा कॅमेऱ्यामागे गेले. "रेडी अम्मा," म्हणाले आणि दाबलं. तिचे डोळे मिटलेले. पुन्हा दाबलं. तिनं ऐन वेळी मान वळवली. तिसऱ्या वेळी मी पाहत होते. ती हनुवटी पुढे काढून, किंचित वर करून बसली होती, आणि कशाची तरी वाट पाहत होती.

"खाली घ्या मान," अण्णा म्हणाले.

"डोरी नईं लगाते क्या?"

अण्णा कॅमेऱ्यामागून बाहेर आले. "आता जरूरत न्हाई, अम्मा. ती अंतर मोजायला व्हती. हे लाइट आपल्या जागेवर उभे ऱ्हातेत."

"मोजने का मेरेकू क्या मालूम," सरदारबी म्हणाली. "कौसाबाई डोरी लगाती थी, तो मैं समजती थी के अब हिलना नईं. छोड़ी, तो समजती थी के अब निकालते. अब तुम कब निकालते, कैसा समजना? बिजली गिरे जैसा एकदम गिरता."

बाहेर गिरणी सुरू झाली होती, तिचा पट्टा फटफट वाजत होता.

अण्णा मागच्या खोलीत गेले. जुन्या गनची पिशवी खुंटीवर होती. ते आले तेव्हा त्यांच्या हातात ती दोरी होती. एक टोक त्यांनी डावीकडच्या स्टँडला गुंडाळलं. दुसरं टोक माझ्यापुढे धरलं.

"बेबे, धर."

मी दोरी ताणून दुसरी गाठ सरदारबीच्या हनुवटीला टेकवली. तिची कातडी मऊ आणि गार होती.

"ढीला पकड़ गे. बैल है क्या मैं? तेरी माँ ऐसा नईं खींचती थी."

पाशामियाँ हसले. मीही हसले. सरदारबी स्वतःच्या बोलण्यावर खूश होऊन स्थिर झाली. मला तो क्षण बोटांना कळला. अण्णा म्हणाले, "सोड."

तो फोटो नंतर मी पाहिला. तिचे डोळे पूर्ण उघडे होते आणि ओठांच्या कोपऱ्यात ते बैलाचं बोलणं अजून होतं.

हातगाडी गेल्यावर अण्णा बराच वेळ स्टँडपाशी उभे होते. "एकोनीस वर्सं," ते म्हणाले. "मला वाटायचं, ती मला आकडा सांगायली." मग म्हणाले, "राह्यली असतीस आनखी दोन दिस. पाशामियाँच्या गल्लीत आनखी दोन म्हाताऱ्या हायेत. गन दुरुस्त व्हती का ते बघितलं असतं."

"पेपर आहेत, अण्णा."

"हां. पेपर हायेत."

चारच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली होती. ते गाडी सुटेपर्यंत थांबले आणि हात न हलवता परत वळले. त्यानंतरही मी जात राहिले, वर्षातून दोनदा, कधी तीनदा. पुन्हा त्यांनी गनचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

*

अण्णा २००४च्या मार्चमध्ये गेले. सकाळी गिरणीवर फोन करायला आले नाहीत, म्हणून रखमाजीकाकांनी दार ढकललं.

महिन्यानं मी स्टुडिओ मोकळा करायला गेले. घनसावंगीचा नजीर नावाचा तरुण फोटोग्राफर छत्र्या न्यायला आला होता. त्यानं नवं दुकान टाकलं होतं, डिजिटल कॅमेरा घेतला होता. बाहेर टेम्पो उभा होता. आत येऊन त्यानं आधी चपला काढल्या.

धूळ बसलेल्या डाव्या स्टँडला दोरी बांधलेली होती. गुंडाळलेली नव्हे, नीट गाठ मारून पक्की बांधलेली. मला वाटलं, तेव्हाचीच राहिली असेल. मग मी तिची दुसरी गाठ पाहिली. पहिली आणि तिसरी पांढुरकी होती. दुसरी तेलकट, काळपट, हाताळून गुळगुळीत झालेली.

"ही अजून इथंच कशी?" मी म्हणाले.

"मंग? धागा धरल्याबिगर काका फोटोच न्हाई काढायचे," नजीर म्हणाला. "मी धावीचा फॉर्म भरायला आल्तो ना, तवा मलाबी दिला हातात. म्हणले, ही गाठ हनुवटीला लाव. आपणच लावायची, आपणच धरायची. मंग म्हणायचे, सोड. सोडली की फोटो. आमी पोरं लई हसायचो. पण ताई, डोळे मिटलेला फोटो काकाचा एक न्हाई दाखवणार कुनी."

त्यानं प्लग लावून लाइट तपासले. बारीक, चढत जाणारा आवाज आला आणि लाल दिवे लागले. मग त्यानं प्लग उपसला.

"पोटात करंट ऱ्हातो यांच्या. एकदा रिकामा फ्लॅश मारावा लागतो, मंगच उचलायचे." त्यानं बटणाकडे हात नेला आणि मागे वळून पाहिलं.

मी स्टुलावर बसले होते. या छत्र्यांपुढे अण्णांनी माझा फोटो कधी काढला नव्हता. काढू म्हणाले असतील, तेव्हा माझी गाडी सुटायची वेळ झाली असेल. दोरी हातात घेतली तेव्हा ती बरोबर माझ्यापर्यंत पुरली. मी दुसरी गाठ हनुवटीला लावली. सुताला खोबरेल तेलाचा आणि फरशीच्या धुळीचा वास होता.

समोर कॅमेरा नव्हता. त्याच्या तीन पायांचे फिकट ठसे फरशीवर होते.

थोड्या वेळानं नजीर हळूच म्हणाला, "सोडा, ताई."

मी लगेच सोडली नाही. बाहेर टेम्पोवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला. नजीर बटणावर बोट ठेवून उभा राहिला.