चोवीस नंबरची गाडी

"काकू, तुम्हाला हिरवा मिळंल. पिवळा न्हाई मिळणार."

सोमेश खिडकीतून माझ्याशी बोलत होता, पण डोळे कॉम्प्युटरवर. घाटाच्या तोंडाशी ही काचेची केबिन नवीन बसवली आहे आणि तिच्यापुढे लाल-पांढरा आडवा दांडा. नदीकाठ सुशोभित केला, ठेका कुठल्याशा कंपनीला दिला, आणि आता गाडी खाली न्यायला पास लागतो. पिवळा पास रहिवाशांचा. संध्याकाळी पाच ते सात, गाडी उतारावरून थेट पाण्यापर्यंत. हिरवा पास असला तर गाडी वर मैदानात लावायची आणि खाली पायी जायचं.

"हिरवा कुणाचा असतो रे?" मी विचारलं.

"पाहुण्यांचा."

"म्हणजे मी पाहुणी?"

"मी न्हाई म्हणून राहिलो काकू. सिस्टीम म्हणून राहिली."

तळपायाची आग मस्तकात गेली. चौतीस वर्षं मी या गल्लीत राहते. केबिनच्या पायरीवर उभं राहिलं तर माझ्या घराची कडी दिसते. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होते, गल्लीतल्या निम्म्या पोरांना सुया मी टोचल्या. या सोमेशला गोवराची लस देताना तो माझ्या मनगटाला चावला होता. तो मला आता पाहुणी ठरवणार!

"काय खोट आहे माझ्यात, ते तरी सांग."

"गाडी तुमच्या नावावर न्हाई. हे बघा, मालक शिवप्पा, राहणार निलंगा."

शिवप्पा माझा धाकटा भाऊ. सात वर्षांपूर्वी भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं आणि त्यानं ताटात शंभराची नोट न टाकता किल्ली टाकली. बाहेर नवी कोरी स्कुटी उभी, हँडलला झेंडूची माळ. "अक्का, ड्युटीला किती दिवस रिक्षानं जाशील?" म्हणाला. गाडी त्याच्या नावावर, लातूरचा चोवीस नंबर. ओवाळणीचे कागद कोण मागतं? आमच्याकडे तर कुणीच नाही मागत. त्यानंतर पाच वर्षांनी तो छातीत दुखून बसल्या जागी गेला, आणि मग नाव बदलायचा विषय काढायला माझी जीभ रेटली नाही.

"भावाचीच आहे ना? चोरीची तर नाही?"

"काकू, तुमच्या नावावर करून आणा. मग बघू. काकांसाठी मला बी वाईट वाटतंय."

वाईट वाटतंय म्हणे! ईश्वरप्पा, माझे यजमान, शाळेत क्लार्क होते. पण गल्लीत त्यांना ओळखायचे ते पोहण्यामुळे. पाठीला रिकामा डबा बांधून पोराला पाण्यात सोडायचे आणि काठावर बसून पाय कसे मारायचे ते स्वतः हलवून दाखवायचे. सोमेशही त्या डब्यावरच शिकला. तीन वर्षांपूर्वी यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दोनच शब्द उरले, 'चल' आणि 'बास'. रोज संध्याकाळी मी त्यांना स्कुटीवर मागे बसवायची, उपरण्यानं माझ्या कमरेला घट्ट बांधायची आणि थेट शेवटच्या पायरीशी न्यायची. डावा पाय पाण्यात सोडून ते अर्धा तास बसायचे. घरी आले की दोन भाकरी खायचे. त्यांच्या दिवसात तेवढी एकच गोष्ट होती.

दांडा लागल्यापासून ते बंद झालं होतं. तरी पाच वाजले की कपाळाला डाव्या हातानं वाकडीतिकडी विभूती लावून ते दारात येऊन बसत, स्कुटीकडे बघत. "चल," म्हणत. मी काय सांगणार? सातला मी त्यांना आत न्यायची आणि ताटातली भाकरी तशीच राहायची. अकरा दिवसांत माणूस निम्मा झाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या साबेराभाभींना यांच्याजवळ बसवलं आणि निलंग्याची एसटी धरली.

"बर्री अक्का, या," म्हणत भावजय कमलम्मा पुढं आली. भर दुपारी मला दारात बघून तिचा चेहरा उतरला होता. "भावजी बरे हायत न्हवं?"

मी सगळं सांगितलं. सांगताना माझाच आवाज चढला. तिनं पाणी दिलं, वाढलं, मला जेवू दिलं. मग मी फॉर्म पुढं केला. तिनं पेन घेतलं, पण सही करेना.

"अक्का, सही केली की त्यांचं नाव जाईल का गाडीवरनं?"

"जाईल की गं. माझं येईल."

"तसं न्हाई. तुमचीच हाय गाडी, मी कुठं न्हाई म्हणते?" ती फॉर्मवर हात फिरवत म्हणाली. "रेशनकार्डावरनं कापलं. सातबाऱ्यावरनं कापलं. बँकेचं पुस्तक बंद केलं. दर बारीला मीच सही करून आले. एवढ्या एका कागदावर जित्ता होता माणूस."

माझ्या नवऱ्याला नदी हवी म्हणून मी हिच्या नवऱ्याला आणखी एकदा मारायला आले होते. फॉर्म ओढून घ्यावा असं एकदा मनात आलं. पण दारात बसलेले हे डोळ्यापुढे आले आणि मी फॉर्म तिच्यापुढेच राहू दिला.

तिनं सही केली. एकेक अक्षर कोरल्यासारखी. वर मला कुंकू लावून खण दिला.

पुढे मृत्यूचा दाखला, शिवप्पाच्या पोरांच्या सह्या, लातूरच्या आरटीओला तीन खेपा. सव्वा महिना गेला. या सव्वा महिन्यात यांनी 'चल' म्हणणं सोडलं. दारात येऊन नुसते बसत.

गाडीचं नवं कार्ड आलं. त्यावर ठळक अक्षरांत माझं नाव. मी त्याच पावली केबिन गाठली. माझ्यापुढे किनवटचा एक माणूस होता, जीप घेऊन आलेला. दीडशे किलोमीटरवरून फिरायला आलो म्हणून तोच सांगत होता. सोमेशनं दोन मिनिटांत त्याच्या हातात पिवळा पास ठेवला.

मी कार्ड दिलं. सोमेशनं टाइप केलं, थांबला, परत टाइप केलं. कान लाल झाले त्याचे.

"काकू... नाव घेतलं. पण आता नंबरवर अडकून राहिलं. इथला, सव्वीसचा पाहिजे. चोवीस बाहेरचा धरतंय."

"नंबर बदलतो का रे कधी?"

"न्हाई. एकदा पडला की तोच."

"मग हे आधी का नाही बोललास? सव्वा महिना झाला मेल्या, सव्वा महिना!"

"आधी नावावरच थांबत होतं काकू. पुढचं दिसतच न्हवतं. आईशप्पथ."

"आणि तो किनवटचा? तो रहिवासी?"

"जिल्ह्याचा नंबर हाय ना त्यांचा."

खिडकीच्या काचेवर हात आपटला मी. लोक बघायला लागले. बघू देत. कमलम्मानं शेवटचा कागद दिला होता मला. तो मी फुकट घालवला होता. शिवप्पाचं नाव गेलं ते गेलंच, आणि मी पाहुणीची पाहुणीच राहिले. सोमेशनं हळूच हिरवा पास पुढं सरकवला. मी त्याचे दोन तुकडे केले आणि त्याच्याच टेबलावर ठेवले.

घरी आले. पाच वाजायला आले होते. हे दारात बसले होते, विभूती लावून.

"चला," मी म्हणाले. "उठा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डावा हात पुढं केला. स्कुटीवर बसवलं, उपरण्यानं कमरेला बांधलं आणि थेट दांड्यापुढे नेऊन गाडी स्टँडवर लावली. अगदी मधोमध. किल्ली पदराला गाठ मारून बांधली. उपरणं सोडून यांना उतरवलं आणि त्यांचा उजवा हात माझ्या खांद्यावर घेतला. मागे गाड्या येऊन थांबायला लागल्या.

सोमेश पळत बाहेर आला. "काकू, गाडी काढा! मागं लाइन लागून राहिली!"

"पाहुण्यांशी असं बोलतात का रे?" मी म्हणाले.

तो मागच्या गाड्यांकडे वळला.

दांड्याच्या कडेनं आम्ही आत शिरलो. उतार दोनशे पावलांचा. यांचा उजवा पाय घासत येतो, त्यात उतार. दहा पावलं चालायची आणि थांबायचं. यांच्या अंगाचं पाणी पाणी झालं होतं, माझ्याही. खाली पिवळे पासवाले पाण्यात गाड्या धुताना दिसत होते. कशीबशी शंभर पावलं झाली असतील. यांचा पाय पुढं पडेना.

"बास," म्हणाले.

पाणी अजून तेवढंच लांब होतं. उचलून न्यायची ताकद माझ्यात नव्हती. रस्त्याच्या मधोमध त्यांना खाली बसवलं आणि मीही शेजारी बसले. तेवढ्यात खालून एक जीप वर यायला निघाली आणि आमच्यापुढे येऊन थांबली. तीच, किनवटची. तिनं हॉर्न वाजवला. वर दांड्यापाशी इतर वाजवत होतेच.

"ओ बाई, बाजूला सरका!" जीपवाला ओरडला.

मी सरकले नाही. यांच्याकडे बघितलं. त्यांना हॉर्न ऐकू येत होता की नाही कोण जाणे. त्यांची नजर नदीवर होती. डाव्या पायातली चप्पल त्यांनी काढून ठेवली होती, आणि तापलेल्या कोरड्या सिमेंटवर ते तो पाय हलवत होते. पोरांना दाखवायचे तसा, सावकाश, वर आणि खाली.