मास्तर पत्ते शिकतात

मोटार शिकवण्याच्या धंद्यात मास्तरांची उभी हयात गेली होती. या धंद्यात शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो, आणि शिकणारा चुकायच्या आधीच मास्तरांचा पाय त्यावर पडे. तोंडाचा पट्टाही चालूच: आरशात बघा, गिअर बदला, त्या आजींना आधी जाऊ द्या. निम्मं गाव त्यांच्याकडे मोटार शिकलं होतं आणि अजूनही त्यांना जरा दबकून असे.

असा माणूस उतारवयात पत्ते शिकायला बसला, तोही थोरल्या बहिणीपुढे, अक्कापुढे. वेळच तशी आली होती.

गेल्या वर्षी मास्तरांच्या बायकोच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. जीव वाचला, चालणं सुधारलं, पण उजवा हात लुळा राहिला आणि बोलणं गेलं. कळायचं सगळं, शब्द मात्र ओठांशी येऊन अडायचे. मग तिच्या वाटचं मास्तर बोलू लागले. डॉक्टरांनी तिला विचारावं, झोप लागते का, आणि मास्तरांनी सांगावं, "लागते हो, छान लागते." भाजीवाल्यापुढे तिने बोट उचलायच्या आत यांचं "हिला टोमॅटो हवेत" होऊन जाई. तिला बहुतेक वेळा भेंडी हवी असे. ती चिडली की मास्तर चारचौघांना सांगत, "दमलीय ती." सगळं प्रेमापोटीच चाललं होतं, पण त्या प्रेमाने बाईला जीव नकोसा केला होता.

सुटका फक्त गुरुवारी संध्याकाळी. अक्काच्या घरी चौघांचा डाव पडे: अक्का आणि कोपऱ्यावरचा औषधवाला एकीकडे, मास्तरांची बायको आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई दुसरीकडे. पानं उचलली की कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा तिथला कडक नियम. भिडूला काय सांगायचं ते पानांनी सांगायचं. सगळेच गप्प, त्यामुळे तिचं गप्प असणं कुणाला जाणवतही नसे. आणि ती खेळायचीही अशी, की औषधवाला दर गुरुवारी तोंड पाडून घरी जाई. मास्तर तिला सोडायला जात आणि आणायला जात. आत काय चालतं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

मग नर्सबाई लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या.

"चौथा भिडू नाही तर डाव बंद," अक्का फोनवर म्हणाली.

"मी आहे की!"

"तू? अरे, तुला गप्प बसता येतं का?"

शिकवणी अक्काच्या स्वयंपाकघरात झाली. "प्रत्येकाला तेरा पानं," अक्का म्हणाली. "वाटणाऱ्याचं शेवटचं पान उघडं करायचं, त्याचा जो रंग तो हुकूम. जो रंग उतरला त्याच रंगाचं पान द्यायचं. नसेल तर हुकमाने काप, नाहीतर कुठलंही फालतू पान टाक. सगळ्यात मोठं पान हात नेतं. ज्या जोडीचे सात हात झाले, तिने डाव मारला."

"एवढंच?"

"एवढंच. तुझ्या मोटारीलाही पेडल तीनच असतात."

पहिल्या गुरुवारी मास्तर बायकोच्या समोर बसले. तिची पानं लाकडी ठोकळ्याच्या खाचेत उभी होती. ठोकळा मास्तरांनीच बनवून दिला होता, त्यामुळे आपण या खेळातले जाणकार आहोत असं त्यांना उगाचच वाटत होतं. दुसऱ्याच हाताला तिची बोटं एका पानाकडे गेली आणि मास्तर ओरडले, "अगं, ते नको, मोठं टाक!"

अक्काने तो डाव बाद करून टाकला. बायकोने डोळे मिटून घेतले.

पुढच्या डावात तिने बदामाचा गुलाम उतरला. बदामाचा एक्का, राजा आणि राणी केव्हाच पडून गेली होती, म्हणजे गुलाम आता सगळ्यांचा बाप होता. हे तिला माहीत होतं, अक्काला माहीत होतं, औषधवाल्यालाही माहीत होतं. मास्तरांनी काही मोजलंच नव्हतं. बिचारीची चूक झाली, त्यांना वाटलं. टेबलाखाली त्यांचा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. त्यांच्याकडे बदाम नव्हता, तेव्हा त्यांनी थाटात हुकमाची दश्शी टाकून तो हात कापला.

अक्काने कपाळाला हात लावला. "अरे, आपल्याच भिडूचा हात कापतोस? तो तिचाच होता!"

"मला वाटलं, तिला कळलं नसेल."

बायकोने डाव्या हाताने ठोकळा आडवा केला, पानं गोळा करून टेबलावर पालथी ठेवली आणि ती उठली. घरी जाताना तिने मास्तरांचा हात धरला नाही, जिन्यावरसुद्धा. मास्तरांना लाज वाटली. तिला कळलं नसेल, असं आपण तिच्यादेखत बोललो. आणि आजच बोललो असंही नव्हतं. वर्षभर, ज्याने त्याने विचारलं तेव्हा, आपण हेच तर बोलत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी अक्काने बजावलं, "निघताना तिने पत्त्यांकडे बोट दाखवून मान हलवली. आता खेळणार नाही म्हणते. एवढं एक ठिकाण उरलं होतं तिला. तेही तुझ्यापायी गेलं तर बघ."

मास्तर बायकोजवळ जाऊन बसले. "आणखी एकदाच खेळू," ते म्हणाले. "पुन्हा माती खाल्ली तर तुझ्यासाठी दुसरा भिडू मी शोधून आणेन. वचन देतो." मग तिने एकच बोट वर केलं.

त्या आठवड्यात मास्तरांनी मोटारीतही गप्प बसायचा सराव केला. एका शिकाऊ मुलीने घाबरून गाडी कडेला घेतली आणि विचारलं, "मास्तर, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

गुरुवारी डाव असा रंगला की औषधवाल्याचा चहा कपातच निवला. पाच हात यांचे, पाच त्यांचे, तीन उरलेले. इस्पिक हुकूम होता. मास्तरांनी या वेळी निदान हुकूम मोजले होते. शेवटचा हुकूम, इस्पिकची नश्शी, त्यांच्याच हातात होता. सोबत चौकटची दोन फडतूस पानं. बाकीच्या रंगांचा हिशेब केव्हाच डोक्यावरून गेला होता.

उतारी बायकोची होती. तिने टाकली किलवरची चौरी.

चौरी! औषधवाल्याकडे किलवर नव्हता, त्याने भलतंच पान फेकलं. आता पाळी मास्तरांची. त्यांच्याकडेही किलवर नव्हता आणि अक्का अजून खेळायची होती. तिच्याकडे साधी पंजी असली तरी हात गेला. नश्शी मारली की हात नक्की आपला. मास्तरांची बोटं नश्शीवर गेली. तिला कळलं नसेल, असं कुणीतरी आतून पुन्हा म्हणालंच.

त्यांनी समोर पाहिलं. ती आपल्या उरलेल्या दोन पानांकडे बघत होती, शांतपणे, जणू हा हात तिच्या पदरात पडलेलाच आहे. या टेबलावर सगळ्यात चांगलं कोण खेळतं? तीच. मग तिला कळलं असेल तर?

मास्तरांनी नश्शी सोडली आणि चौकटची तिर्री टाकली.

अक्काने नाक मुरडून चौकटचंच एक पान टाकलं. किलवर कुणाकडेच उरला नव्हता. बायकोने डाव्या हाताने तो हात ओढून घेतला आणि लगेच बदामाची छक्की उतरली. औषधवाल्याने राजा टाकला. मास्तरांकडे बदाम नव्हता, आणि नश्शी अजून जागेवर होती. त्यांनी ती मारली. सात हात झाले. मघाशीच कापलं असतं, तर आता त्यांच्या हाती चौकटच्या फडतूस पानांशिवाय काही उरलं नसतं. नश्शी त्यांच्याकडे आहे आणि ती कधी लागणार आहे, हे तिने आधीच ताडलं होतं.

औषधवाल्याने पानं गोळा केली आणि सवयीने मास्तरांना विचारलं, "काय मास्तर, पुढच्या गुरुवारी वहिनींना जमेल ना?"

"तिला विचारा," मास्तर म्हणाले. "मी नुसता भिडू आहे."

औषधवाला गडबडला. मग खुर्ची वळवून त्याने विचारलं, "जमेल का हो, वहिनी?"

तिने सवडीने विचार केला. कुणी घाई केली नाही. मग तिने होकारार्थी मान हलवली, मास्तरांकडे बोट दाखवलं आणि तेच बोट आपल्या ओठांवर ठेवलं. अक्का आणि औषधवाला खो खो हसत सुटले. मास्तरांना यावर फक्कड उत्तर सुचलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि पत्ते पिसायला घेतले.