सुट्टीचा वार

माझी मावशी कपडे बदलून देते. नवे शिवत नाही. कुणाचा ऑपरेशननंतर एक खांदा उतरलेला असतो, कुणी चाकाच्या खुर्चीत बसू लागलेलं असतं. त्यांचे जुने, आवडते कपडे ती त्यांच्या अंगाला पुन्हा बसवून देते. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने ठरवलं, की आपली एक वेबसाइट हवी.

"एका संध्याकाळी करून देते," मी म्हणाले. नऊ वर्षं मी हेच काम करतेय.

"तू केलीस तर ती तुझी होईल. मला शिकव."

मग दर रविवारी दुपारी तिच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर आमची शाळा भरू लागली. मी सांगितलं, की आधी नुसता मजकूर लिहायचा. रंग, अक्षरांचा आकार, मोकळी जागा हे सगळं दुसऱ्या फाइलीत. तिला ते लगेच पटलं. पॅडिंग म्हणजे मजकूर आणि चौकटीची कड यांच्यामध्ये सोडलेली जागा, असं म्हणताच ती म्हणाली, "म्हणजे शिवणीत सोडतो ती माया!" आणि वहीत तसंच लिहून घेतलं.

पण एकदा फाइलीत एक अर्धविराम द्यायचा राहिला आणि अख्ख्या पानाचा रंग गेला. तासभर शोधून सापडला तेव्हा मावशी म्हणाली, "एवढ्याशा टिंबासाठी एवढा रुसवा? हा तर तुझ्या काकांचा सख्खा भाऊ!" आत पेपर वाचत बसलेले काका नुसते खाकरले.

तीन महिन्यांनी पान तयार झालं. फिकट राखाडी पार्श्वभूमी, तिच्या कामाचे चार फोटो, आणि खाली एका नेटक्या चौकटीत पत्ता, वेळ, सुट्टीचा वार. चौकटीची उंची तिने मोजून पक्की केली होती. एक ओळ जराशी बाहेर डोकावत होती, तेव्हा मीच घाईत म्हणाले होते, "बाहेर येईल ते लपवून टाक, म्हणजे झालं." तिने तसंच केलं, वर अक्षरंही किंचित लहान केली, आणि सगळं बरोबर मावलं.

पंधरा दिवसांनी, मी रजा काढून मावशीकडे राहायला आले होते तेव्हा, एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. आवाज वर्गात असतो तसाच.

"काल बुधवारी मी दोन बसेस बदलून आले. दुकानाला कुलूप!"

"बाई, बुधवारी सुट्टी असते. पानावर लिहिलंय की," मावशी म्हणाली.

"माझ्या फोनवर नाही लिहिलेलं. मला कमी दिसतं, मी अक्षरं मोठी करून वाचते."

मावशीने फोन ठेवला. मी माझ्या फोनवर अक्षरं मोठी करून पाहिली. चौकट तेवढीच राहिली आणि शेवटची ओळ कापली गेली. माझाच सल्ला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दोन मिनिटांत नीट करते," मी म्हणाले.

"हात लावू नकोस," मावशी म्हणाली.

तिने बाईंना फोन करून माफी मागितली आणि दुरुस्तीला द्यायचा कोट घेऊन शुक्रवारी बोलावलं. येण्याजाण्याला काकांची गाडी पाठवली. बाई आल्यावर मावशीने आधी त्यांचा फोन मागितला नाही. नुसती शेजारी बसून बघत राहिली, त्या फोन कुठे धरतात, किती जवळ नेतात, बोट कसं फिरवतात. गिऱ्हाइकाचं माप घेताना ती अशीच बघते.

पुढच्या तीन दुपारी ती टेबलावरून हलली नाही. चौकटीची पक्की उंची काढली, तर फोटो खाली घसरले. फोटो सावरले, तर पत्ता दोनदा दिसू लागला. मी शेजारी बसून, महत्प्रयासाने, गप्प राहिले. शेवटी चौकट मजकुराबरोबर वाढायला लागली. पहिल्यासारखी रेखीव नव्हती, पण काही लपत नव्हतं.

बाई कोट घालून बघायला आल्या तेव्हा मावशीने फोन त्यांच्या हातात दिला. कोटाची बारीक बटणं त्यांच्या आखडलेल्या बोटांना लागत नव्हती. तिथे तिने आतून लोहचुंबक बसवले होते. बाईंनी अख्खं पान खड्या आवाजात वाचलं, बुधवारसकट. मग म्हणाल्या, "'दुरुस्ती'तला रु ऱ्हस्व. तुम्ही दीर्घ लिहिलाय. दोन ठिकाणी."

मावशीने तिथल्या तिथे, माझी मदत न घेता, दोन्ही सुधारले. बाईंनी कोट एका हाताने मिटला, पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. तो अंगातून काढायला त्या तयार होईनात.

रजा संपल्यावर सोमवारी मी ऑफिसात आमच्या कंपनीचं पान उघडलं आणि अक्षरं दुप्पट केली. 'मदत हवी आहे' हे बटण नाहीसं झालं. ते मीच बनवलं होतं, चार वर्षांपूर्वी. साहेबांना लिहिलं, की आजचं ठरलेलं काम उद्या करते, आणि खुर्ची पुढे ओढली.