मधमाश्यांना सांगायचं

डॉर्कस बहिणीकडे असताना तापाने वारली, हे इप्सविचच्या गाडीवानाने दारात येऊन सांगितलं, तेव्हा तिचा नवरा एफ्राइम टकवेल खोगिराला टाके घालत होता. उरलेले टाकेही त्याने घातले. दुसरं काय करायचं ते त्याला सुचेना.

संध्याकाळी शेजारच्या पिनॉकबाई आल्या. "टोपलीवर घराच्या किल्लीने टकटक करून मधमाश्यांना सांगितलंत का? धनीण गेल्याचं कुणी कळवलं नाही, तर त्या निघून जातात हो."

एफ्राइम आजवर गुत्त्यात बसून सगळ्या गावाला शहाणं करत आला होता. देव आहे, त्याने जग घडवलं, नियम घालून दिले, आता तो मध्ये पडत नाही. चमत्कार नाहीत, आणि गाऱ्हाणी घालून उपयोग नाही. माणसाने नीट वागावं, तीच पूजा.

"बाई, जिथे देव ऐकत नाही, तिथे माशी ऐकणार?"

"देवाचं तुमचं तुम्ही बघा. माश्या तिच्या होत्या."

एफ्राइमने घराची किल्ली घेतली. गुत्त्यातलं कुणी बघत नाही ना, याची आधी खात्री केली. मग परसातल्या मधमाश्यांच्या पहिल्या गवती टोपलीवर किल्लीने टकटक केली.

"तुमची धनीण गेली," तो म्हणाला, आणि सवयीने त्याने पुढे जोडलं, "सृष्टीच्या नियमाप्रमाणे."

आत माश्या गुणगुणत राहिल्या. बायको गेल्यावर माश्यांपुढे व्याख्यान देणारा गाढव सबंध सफोक परगण्यात आपणच, असं त्याला वाटलं, आणि तो तिथेच रडत बसला.

बाकीच्या टोपल्यांना त्याने अजून सांगितलेलं नाही.