लाल गाडी आणि उलटे घोडे

ताई निवृत्त झाल्या तेव्हा भावाने त्यांना आरामखुर्ची घ्यायचा सल्ला दिला. ताईंनी घेतली गाडी. तीही दोनच माणसांची, बिनछपराची, एके काळी शर्यतीत धावलेली. सध्या तिच्यात एका शेतकऱ्याच्या कोंबड्या अंडी घालत होत्या.

"अगं ताई, खुराडं विकत आणलंस!" टेम्पोतून उतरणारी ती लाल गाडी बघून भावाने कपाळावर हात मारला.

"कोंबड्या नाही आणल्या ना? मग झालं तर."

ताईंनी उभं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काढलं होतं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, जादाच्या ब्रेकवर पाय ठेवायचा आणि जीव मुठीत धरायचा. आता त्यांना स्वतःच्या हाताने, मनाला येईल तशी गाडी चालवायची होती.

भावाची बायको शिलाई मशिनं दुरुस्त करायची. तिने पदर खोचला, इंजिनचं हेड उघडलं, आत टॉर्च मारला आणि ओठ मुडपले.

"वन्सं, हेडला तडा गेलाय. आणि कार्बोरेटरमध्ये मुंग्यांनी संसार थाटलाय."

"अहो, पण तुला इंजिनातलं काय कळतं?" भावाने घाईघाईत बायकोलाच अहो म्हणून टाकलं.

"तिथे सुई वर-खाली होते, इथे पिस्टन. धागा ओवायला लागत नाही, हे त्यातल्या त्यात बरं."

नणंद-भावजय मग भंगार बाजार पालथा घालू लागल्या. असलं इंजिन कुणाकडेच नव्हतं. शेवटच्या दुकानातल्या भंगारवाल्याने मात्र फुटक्या हेडवरून बोट फिरवलं आणि तो हसायला लागला. "याचा सख्खा भाऊ घोडे फिरवतोय की! बागेमागच्या मैदानात."

खरंच होतं ते. मैदानातलं मेरी-गो-राउंड तसल्याच एका इंजिनवर चालत होतं. लाकडी घोडे रंगीत खांबांवर डुलत होते आणि मधोमध पत्र्याच्या पेटीत इंजिन धापा टाकत होतं. मालकीण बाकावर बसून एका घोड्याचं शेपूट चिकटवत होती. सगळे तिला घोडेवाल्या बाई म्हणायचे.

"इंजिन घेऊन जाल, मग माझे घोडे काय तुम्ही दोघी फिरवणार?" तिने विचारलं.

"विजेची मोटर बसवून देऊ," वहिनी म्हणाली. "धूर नाही, धडधड नाही."

"आणि घोडे फिरले नाहीत तर?"

"तर आमची गाडी तुमची," ताई बोलून गेल्या. वहिनीने त्यांना असा चिमटा काढला, की त्या जागच्या जागी उडाल्या.

भंगारवाल्याकडे एका बंद पडलेल्या लाँड्रीची मोटर मिळाली. जुनं इंजिन काढताना मात्र नट हलेनात. ताई हातोडी घेऊन धावल्या. वहिनीने ती काढून घेतली, नटांना तेल पाजलं आणि दिवसभर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. संध्याकाळी ते शहाण्यासारखे फिरले. मोटर बसली, पट्टा चढला, मुलं घोड्यांवर बसली आणि ताईंनी बटण दाबलं.

घोडे निघाले, पण शेपटाच्या दिशेने!

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. "वायरी उलट्या जोडल्या गेल्या! थांबवा, वन्सं, आत्ता फिरवते."

तेवढ्यात एक मुलगी किंचाळली, "अजून! अजून!" मग सगळीच पोरं ओरडायला लागली. पलीकडच्या आकाशपाळण्यासमोरची रांग फुटून इकडे आली.

"खबरदार वायरींना हात लावलात तर," घोडेवाल्या बाई म्हणाल्या. "सरळ धावणारे घोडे सगळीकडे असतात. जा, घेऊन जा तुमचं धूड."

मग घरामागच्या शेडमध्ये ठाकठोक सुरू झाली. वहिनीने त्या इंजिनचं हेड काढून घासलं, झडपा बसवल्या, कार्बोरेटर रॉकेलमध्ये बुडवून टूथब्रशने लख्ख केला. टूथब्रश भावाचा होता, हे त्याला दुसऱ्या दिवशी दात घासताना कळलं. ताईंनी गंज खरवडला, रंगाचे हात दिले आणि केसांची एक बट कायमची लाल करून घेतली.

रविवारी सकाळी ताईंनी चावी फिरवली. इंजिन खोकलं, शिंकलं आणि एकदम असं गरजलं, की भाऊ अर्धी दाढी केलेला बाहेर आला. तो काही बोलायच्या आत दोघी फाटकाबाहेर पडल्या होत्या.

नदीकाठचा रस्ता मोकळा होता. ताईंनी गिअर टाकला, गाडीने झेप घेतली. वारा डोळ्यांत पाणी आणत होता. ते पुसायला ताईंना हात मोकळा नव्हता, आणि पुसायचंही नव्हतं.

"वन्सं, कुठे जायचं?"

"पेट्रोल संपेल तिथपर्यंत!"

ते वळणापुढेच संपलं. काटा भरलेली टाकी दाखवत होता, कारण तो तिथेच अडकून बसला होता.

फोन गेल्यावर भाऊ सायकलवर पेट्रोलचा डबा लटकवून घामाघूम होत आला. येताना त्याने बोलायची पुष्कळ तयारी केली होती. पण रस्त्याकडेच्या दगडावर बसलेल्या दोघींना हसू आवरत नव्हतं, आणि ती लाल गाडी उन्हात अशी झळकत होती, की तो आधी गाडीपाशीच गेला. त्याने बोनेटवर हळूच हात ठेवला. ते अजून गरम होतं.

वहिनी उठली, तिने त्याच्या हातातून सायकल घेतली आणि टांग मारली. "बसा तुम्ही माझ्या जागेवर. मी होते पुढे."

तो संकोचत बसला. गुडघे पोटाशी आले. ताईंनी टाकी भरून इंजिन सुरू केलं आणि त्या गाडी घराकडे वळवू लागल्या.

"ताई," भाऊ पुढे बघतच म्हणाला, "जरा लांबच्या रस्त्याने घे ना."